दाजींचं अर्थिंग

बेळगावात वीज कुणी का आणली असेना, ती शेजारच्या शहापुरात नीट नांदली ती एका माणसामुळं, आणि तो माणूस म्हणजे आमच्या आक्काचे यजमान, आमचे दाजी. मी बी.एस्सी. आहे, आमच्या विणकर गल्लीतला पहिला पदवीधर आहे, तेव्हा हे मी उगाच बोलत नाही. दाजी चौथीत शाळेतून उठले आणि वायरमन झाले. विजेबद्दल मला जे ठाऊक होतं ते पुस्तकातलं. त्यांना मात्र ती घरच्या लेकीसारखी ठाऊक होती. कुठं रुसते, कुठं भडकते, कुणाच्या घरी तिला सुख नाही, सगळं.

लग्नाला गेले तर लोक नवरी बघायचे, दाजी मांडवातली वायर बघायचे. कोळसा आणि मीठ भरून पुरलेल्या पत्र्यातून ज्या घराची तार जमिनीत गेलेली नाही, त्या घरचा चहा ते घेत नसत. कोल्हापूरहून मी पदवी घेऊन आलो तेव्हा गल्लीनं देवळात माझा सत्कार केला. हार गळ्यात पडत होता आणि दाजी व्यासपीठाच्या फळ्यांखाली पालथे पडून दिव्याची तार चाचपत होते. बाहेर आले ते धुळीनं माखलेले. म्हणाले, "बीयस्सी झालास, लई बेस झालं. आता सांग, ह्या देवळाचं अर्थिंग कुठं हाय?" पुस्तकात तीन आडव्या रेघांची ती खूण मी शंभर वेळा काढली होती, पण तिच्याखाली खड्डा असतो आणि तो ओला ठेवावा लागतो, हे कुठल्याच प्राध्यापकानं सांगितलं नव्हतं. दाजींच्या परसातल्या खड्ड्याला दर रविवारी आंघोळीनंतर तांब्याभर पाणी मिळे. तुळशीला आधी आणि खड्ड्याला मागनं, एवढंच काय ते अंतर. निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत त्यांनी वायरिंग केलं आणि घरी आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोटारीत बसून निपाणीला. का, तर "तो मालक पानी घालायचा न्हाय. त्याच्या डोळ्यातच दिसलं मला." पाणी घालून, मालकाचं चहाचं बोलावणं नाकारून, संध्याकाळी परत.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. लष्करी कॅम्पातल्या, गोऱ्या साहेबांच्या नाचाच्या हॉलात गिटार वाजवणारे एक गोवेकर म्हातारे होते. दाजी त्यांना मास्तर म्हणत. मोठं दुखणं होऊन त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली होती. बँडमधली पितळी वाद्यं वाजू लागली की गिटार बुडून जाई. मॅनेजरनं त्यांना सांगितलं होतं, येत्या शनिवारी ऐकू आलात तर राहा, नाहीतर दुसरा माणूस येतोय. मास्तर दाजींच्या पायरीवर बसून म्हणाले, "हांव वाजयतां, पूण कोणाक आयकूंक येना." दाजींना कोकणी अर्धीमुर्धी कळायची, पण हे पुरतं कळलं. म्हणाले, "मास्तर, तुमी हळूच वाजवा. जोर लावायला वीज हाय की."

परदेशात विजेच्या गिटारी निघाल्यात एवढं मी मासिकात वाचलं होतं आणि ते मी दाजींना जरा ऐटीतच सांगितलं. तारांखाली लोहचुंबक, त्याभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की वेढ्यांत वीज उठते, आणि ती रेडिओच्या मशिनीतून मोठी होऊन बाहेर पडते. दाजींनी लष्करी भंगारातून टेलिफोनचं चुंबक आणलं, बाहेरच्या विजेची कुरकुर आत शिरू नये म्हणून चहाच्या खोक्यातला चांदीचा कागद गिटारीच्या पोटात आतून चिकटवला. आवाज कमीजास्त करायचं बटण कुठं बसवायचं यासाठी मात्र दोन दिवस त्यांनी मास्तरांना नुसता चहा पाजला. मी म्हटलं, "दाजी, हे काय चाललंय?" तर म्हणाले, "हात दमला की त्यांची करंगळी कुठं टेकतीया ते बघतोय." करंगळी जिथं टेकली तिथंच बटण बसलं. पितळी बटण बोटातून निसटू नये म्हणून आक्कानं त्याच्या कडेनं मागावरचं रेशीम गुंडाळून दिलं. टोक तेवढं उघडं राहिलं.

अडलं ते वेढ्यांपाशी. दाजींची बोटं जाडजूड, तार धरली की तुटायची. आठव्यांदा तुटली तेव्हा आक्का चुलीपाशी होती ती उठली. "सरका तिकडं. हे काय दोरखंड हाय व्हय?" लहानपणापासून मागासाठी कांड्या भरणारी ती बाई. तिनं रहाटाला कांडीच्या जागी चुंबकाचा साचा लावला आणि एका सकाळीत ते वेढे असे बसवले की दाजींनी ते उजेडात धरले. "बघितलंस बीयस्सी?" मला म्हणाले. "तुझ्या कालिजात हाय का अशी?"

गुरुवारी सगळं जोडलं. रेडिओ तापला, मास्तरांनी तार छेडली, आणि आली ती नुसती घूंऽऽ अशी घुमघुम. गिटारीचा सूर म्हणून नाही. मी कागदावर हिशेब मांडून चुंबक कमजोर असल्याचं सिद्ध करून दाखवलं. दाजींनी दुसरं चुंबक लावलं. तेच. शुक्रवार सगळा उघडण्यात आणि जोडण्यात गेला. शनिवारी सकाळी मास्तर आले, मांडीवर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "जाऊं दी, दाजी." त्या दोन शब्दांनी दाजींचा चेहरा उतरलेला मी पाहिला. भिंग घेऊन त्यांनी ते वेढे पुन्हा एकदा न्याहाळले आणि आक्काला हाक मारली.

"अगं, गुंडाळताना ही तार कुठं तुटलीती का?"

"तुटलीती की. एकदाच. लगी सांधली मी."

"सांधली म्हंजे?"

"म्हंजे काय? गाठ मारली. मागाच्या सुताला मारतो तशी."

"आनि सांगितलं न्हाईस ते?"

"अवं, सूत तुटलं तर सांगत फिरायचं असतं व्हय?"

त्या तारेवर रोगण असतं. रोगण खरवडल्याशिवाय गाठ मारली तर तार जोडली जाते, वीज नाही. आक्काची गाठ एवढी बारीक होती की भिंगातूनही आम्हाला दिसली नव्हती. मी हे सगळं आक्काला शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. अजून वाटतं, तेव्हा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. तिनं पदर तोंडाला लावला. "माझ्याच हातानं म्हाताऱ्याचं वाटोळं झालं म्हना की."

"गप बस," दाजी म्हणाले. "कुठं हाय गाठ?"

"शेवटाकडं. थोडंच वेढं राहिलं हुतं."

डोळे मिटून तिनं वेढे उलटे सोडवले आणि बोटानं गाठ हुडकली. मला वाटलं, दाजी ती कापून टाकतील. त्यांनी कापली नाही. दोन्ही बाजूंचं रोगण पात्यानं हलकेच खरवडलं, आणि गाठीवरच कथलाचा थेंबभर डाख दिला. म्हणाले, "गाठ कशाला सोडायची? पक्की हाय ती."

मास्तरांनी तार छेडली. सूर असा बाहेर पडला की शेजारच्या घरातला माग थांबला. घुमघुम मात्र होतीच. मास्तरांची करंगळी बटणाच्या, अर्थिंगला जोडलेल्या पितळेला लागली की ती थांबे, उचलली की पुन्हा सुरू. मी वही उघडेपर्यंत दाजींनी एक बारीक तार, गिटारीच्या तारा जिथं अडकवतात त्या लोखंडी पट्टीखाली सरकवून अर्थिंगला जोडलीसुद्धा. "तारांनाबी जमीन पायजे की रं. आता मास्तरांचा हात तारेवर हाय तवर ती गप ऱ्हानार."

संध्याकाळी आम्ही दोघं हॉलच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो. आत आम्हाला कोण घेणार? पितळी वाद्यांच्या वर मास्तरांची गिटार स्वच्छ ऐकू येत होती. मी मान डोलावत होतो. दाजी डोलत नव्हते. गाणं संपलं, टाळ्या थांबल्या, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "ऐक. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही, दाजी."

"व्हय की न्हाय!" एवढंच म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

मास्तर त्या हॉलात पुढं बरीच वर्षं वाजवत राहिले. आता तेही नाहीत, दाजीही नाहीत. नव्या वायरमननं घराची सगळी वायर बदलली, परसातल्या खड्ड्याची तार कापून टाकली. तरी आक्का रविवारी तुळशीचं झालं की तांब्या घेऊन खड्ड्यापाशी जातेच. एकदा न राहवून मी, बी.एस्सी. माणूस, बोललोच, "आक्का, ही तार आता कुठंच जात नाही गं. तुटलीय ती."

तिनं वर पाहिलं नाही. "मला ठावं हाय रं," म्हणाली. "म्हनून काय सांगत फिरायचं असतं व्हय?"

मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी खड्ड्यात ओतलं.