चुना आणि इन्शुलिन

मामाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तो गेला तेव्हा पाचोऱ्याला जाऊन आले, ते केवळ लोकलाजेखातर.

माझ्या धाकट्या बहिणीला दहाव्या वर्षी मधुमेह जडला. जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज इन्शुलिन टोचायचं, नाहीतर पोर हातची जाईल. आई काचेची सिरिंज उकळून सकाळ-संध्याकाळ सुई द्यायची आणि देताना स्वतःच रडायची. वडील नोकरीला धुळ्यात, रविवारपुरते घरी.

मामा शाळेत विज्ञान शिकवायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं, की स्वादुपिंडातून इन्शुलिन सलग झिरपत नाही. थोड्या थोड्या मिनिटांनी लाटेसारखं सुटतं आणि दर लाटेला पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं. वाचलेलं खरंच होतं. पण अर्धं वाचून पुरतं शहाणं व्हायची त्याला खोड होती. मे महिन्यात तो आमच्याकडे आला आणि पंख्याखाली मांडी ठोकून आईला म्हणाला, "सुईनं काय काम शे? शरीरले लाट लागस. कॅल्शियम दे, बठ्ठं ठीक व्हई." सगळं ठीक होणार होतं, सुईशिवाय.

त्याचं कॅल्शियम म्हणजे पानाला लावायचा चुना. गव्हाच्या दाण्याएवढा, दह्यात कालवून, तासातासाला, घड्याळ लावून. म्हणजे लाटा उठतील म्हणे. सुई बंद. थोरल्या भावापुढे आईने जन्मात तोंड उघडलं नव्हतं, तेव्हाही उघडलं नाही. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकत होते. मी भांडले, तर "शिंगं फुटली का तुला?" एवढंच मामाकडून ऐकून घेतलं.

दोन दिवसांत पोर ओकू लागली. छाती भात्यासारखी चालली, तोंडाला सडक्या फळांचा वास. मी कुणाला न विचारता तिला रिक्षात घातलं. आई आणि मामा मागून आले.

डॉक्टरांनी मामाचं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, कॅल्शियम काम करतं ते जिवंत पेशीत. हिच्या त्या पेशीच मेल्यात. लाट उठणार कुठून?"

"चुना भेसळीचा निघाला असेल," मामा म्हणाला. त्याचा गळा धरावा असं मला वाटलं.

बहीण वाचली. चार दिवसांनी सिस्टर सिरिंज भरून घेऊन आली. आईने सवयीने हात पुढे केला. बहिणीने तिच्याकडे पाहिलं, म्हणाली, "तू नको," आणि सिरिंज घेऊन स्वतःच मांडीत टोचली.