तिसरी पाटी

किटवे शहरातल्या आमच्या वेल्डिंग कारखान्यात कापेम्ब्वाकाका सव्वीस वर्षं गॅसचे सिलिंडर सांभाळतात. ‘इथे विस्तव आणू नका’ ही पत्र्याची पाटी दोनदा चोरीला गेली. आमच्याकडे पत्रा दिसला की त्याची शेगडी होते. परवा तिसरीही गेली.

आज सकाळी मालक सिलिंडरांशेजारीच शेगडीवर हात शेकत होते. शेगडी त्याच पाटीची, लाल अक्षरंसुद्धा दिसत होती.

“बाजारातून आणली. या, शेका.”

काकांनी शेगडीवर पाण्याची बादली रिकामी केली आणि लाल रंगाने मालकांच्या नव्या पांढऱ्या भिंतीवर हातभर अक्षरांत तेच लिहून काढलं.

“अहो, भिंतीची वाट लावलीत.”

“आता हिची करा शेगडी,” काका म्हणाले.