म्हातारीचं हसू

नगरला रविवारी तैलरंगाचा वर्ग चालवणारे आमचे सर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची व्यक्तिचित्रं करून नावाजलेले होते. त्यांच्या हातून उतरलेला प्रत्येक पुढारी गोरा, गुबगुबीत आणि गुलाबी गालांचा असे. शेवगावचा असो की देवळालीचा, सगळे एकाच आईचे वाटत. लोक ह्याला कला म्हणत आणि सर ते मान्य करत.

मी पारनेरला शाळेत शिकवते. चेहरा रंगवायला शिकायचं एवढ्याचसाठी मी त्या वर्गात गेले. सरांनी मला दोनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच चित्राची छापील प्रत दिली आणि म्हणाले, "ह्याची नक्कल करा. जुन्या लोकांकडून हात बसतो." एवढं एकच वाक्य त्यांनी मला खरं शिकवलं, आणि तेही बहुधा कुठेतरी ऐकलेलं असावं.

चित्रात एक म्हातारी होती. पांढरी टोपी, लालसर पापण्या, कशावर तरी कायमचा बसलेला संशय. आधी तपकिरी रंगात सगळा चेहरा उभा केला, तो वाळल्यावर पातळ थर चढवत गेले. डोळ्यातलं पांढरं खरं तर पांढरं नसतं, मळकट हिरवट असतं, हे मला त्या म्हातारीने दाखवलं. सर तोवर शेजारच्या बाईंच्या गणपतीला सोनेरी किनार मारून देत होते. बाकीचे विद्यार्थी रंग कमी लावत आणि रंग लावतानाचे स्वतःचे फोटो जास्त काढत.

माझं चित्र पुरं झालं तेव्हा सर मागे उभे राहिले. "मॅडम, फार रडकी झाली हो. जरा हसवा तिला."

"मूळ चित्रात ती हसत नाही, सर."

"मूळ चित्र कोण बघायला जातंय?"

माझं चित्र वाळायला वर्गातच ठेवून मी गेले. थेट वर्गाच्या प्रदर्शनाच्या सकाळीच परत आले, तर भिंतीवरची माझी म्हातारी हसत होती. गालांवर गुलाबी गोळे, डोळ्यांत पांढरे ठिपके. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शोभली असती.

मी बोटाने गाल चाचपला. वरचा रंग ओला होता, खालचा माझा वाळलेला. कोपऱ्यातली टर्पेंटाइनची बाटली घेतली, रुमाल भिजवला आणि हसू पुसायला लागले.

"अहो मॅडम, काय करताय? पाहुणे जिन्यात आलेत!"

"येऊ द्या. माझं चित्र आहे."

पाहुणे आले, हारासकट. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "ह्यांना काय त्रास आहे?"

"विद्यार्थ्यांची प्रॅक्टिस आहे, साहेब," असं म्हणत सरांनी त्यांना हाताला धरून गणपतीकडे नेलं. तिथे पाहुणे बराच वेळ रमले. मी चित्र भिंतीवरून उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पारनेरची एसटी धरली. त्या वर्गात पुन्हा गेले नाही. वर्गाचंही काही बिघडलं नाही. तो जोरात चालतो.

पुढे मी माझ्या आत्याला खिडकीशी बसवून रंगवलं. तसाच तपकिरी थर, तसेच मळकट डोळे. आत्या चित्रासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लई म्हातारी केलीस गं मला."

"आहेसच तू म्हातारी."

"व्हय, हाय खरं," ती म्हणाली, आणि चित्र कुठल्या भिंतीला लावायचं ते मला दाखवायला लागली.