ओगोतच्या थोरलीचं बारसं

ओगोत चौऱ्याऐंशी वर्षं जगली, नऊ बाळंतपणं तिने निभावली. पण खाडीकाठच्या आमच्या गावात तिचा विषय निघाला की लोक थोरलीच्या बारशावरच येतात.

त्वेइत म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. आमच्याकडची त्वेइत सिन्नेवाची होती. मोन्स तिच्याशी लग्न करून तिथे राहायला आला आणि रिवाजाप्रमाणे आपल्या शेताचं नाव मागे टाकून मोन्स त्वेइत झाला. पुढे सिन्नेवा मूलबाळ न होताच खोकल्याने गेली. दोन वर्षांनी मोन्सने घरातल्याच मोलकरणीशी, ओगोतशी, लग्न केलं. सिन्नेवाची म्हातारी आई गुरो त्याच घरात होती.

दुसऱ्या बायकोला पहिली मुलगी झाली की तिला गेलेलीचं नाव द्यायचं, हे आमच्याकडे कुणी विचारतसुद्धा नाही. ओगोतला मुलगी झाली तेव्हा शेजारणी आंबट साईची लापशी घेऊन आल्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "बघू गं आमची सिन्नेवा."

"हेर्बोर्ग," ओगोत म्हणाली. "तिचं नाव हेर्बोर्ग आहे."

हेर्बोर्ग ही ओगोतची आई. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांवर राबली. ज्या शेतावर असेल त्याचं नाव तिच्यामागे लागायचं. अकरा शेतं, अकरा आडनावं, आणि त्यातलं एकही तिचं नाही. बापाने ठेवलेलं पहिलं नाव तेवढं शेवटपर्यंत टिकलं. सैन्यासारखी राखण करणारी, असा त्याचा अर्थ. राखायला तिच्याकडे होतं काय, हे विचारू नये.

मोन्स हा भांडणापासून चार हात लांब राहणारा माणूस. तो म्हणाला, "दोन्ही नावं ठेवू."

"दोन दोन नावं शहरातल्या बड्या लोकांना लागतात," गुरो म्हणाली. "तू जा, होडीतलं पाणी उपस."

"तेच म्हणते मी," ओगोत म्हणाली. दोघींचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

बाळंतीण सहा आठवडे चर्चची पायरी चढत नाही. बारशाला मूल चर्चमध्ये घरातली वडीलधारी बाई नेते, पाद्री तिलाच नाव विचारतो, आणि ती सांगेल ते कायमचं. शेजारची इंगेलेव कानाशी लागली, "माझ्याकडे दे. म्हातारी तुझा गळा कापेल."

"घरातलं मूल घरातलीच नेणार," ओगोत म्हणाली. "चोरून नाव ठेवायचं नाही मला."

रविवारी सकाळी तिने बाळ गुंडाळून गुरोसमोर धरलं. "मालकीणबाई, नाव हेर्बोर्ग."

"माझ्या लेकीला कुठंच जागा ठेवणार नाहीस का गं?"

"त्यांचं नाव दगडावर कोरलंय. माझ्या आईच्या मातीवर साधी काठीसुद्धा नाही."

"दगडाला हाक मारली तर तो ओ देत नाही, बये."

म्हातारीचं खोटं नव्हतं. पण ओगोतने शब्द काही मागे घेतला नाही. "हेर्बोर्ग," ती पुन्हा म्हणाली आणि बाळ गुरोच्या हातात दिलं.

होडी खाडीपलीकडे चर्चला गेली. ओगोत अंथरुणावर टेकलीच नाही. खिडकीला धरून उभी राहिली. आपण हट्टाने हातचं घालवलं की काय, ही भीती तिला सोडत नव्हती.

दुपारी गुरो आत आली आणि तिने बाळ ओगोतच्या हातात दिलं. "घे. हेर्बोर्गला भूक लागलीय."

ओगोतला रडू आवरेना. "म्हणालात तुम्ही?"

"ओठांवर सिन्नेवाच होतं," गुरो म्हणाली. "मग आठवलं, तुझी आई तीन उन्हाळे इथं गवत कापायला होती. मी तिला 'अगं ए' म्हणून बोलवायचे." ती डोक्यावरचा ओला रुमाल सोडत खाली बसली. "आज पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. तेही पाद्र्याने विचारलं म्हणून."