गळ्यातली गाठ आणि पेकिंगची आयी

"काकू, हा थायरॉइड नोड्यूल आहे," न्यू जर्सीतले डॉक्टर माझा गळा चाचपत म्हणाले. थायरॉइड म्हणजे गळ्यात पुढच्या बाजूला असते ती ग्रंथी. नोड्यूल म्हणजे तिच्यावर आलेली गाठ. डॉक्टर आपले नागपूरचे, तरी एवढं मराठीत सांगताना त्यांना घाम फुटला.

"कॅन्सर आहे का?" मी विचारलं.

"टेस्ट केल्याशिवाय सांगता येत नाही."

माझी मुलगी सुमन लगेच रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, टेस्ट तरी होऊ दे. रडणं नंतरसाठी ठेव."

ही गाठ मला सापडली पेकिंगला. माझा मुलगा श्रीकांत इंजिनियर. चीनने नुकतंच परक्या कंपन्यांना दार उघडलं होतं आणि त्याच्या अमेरिकन कंपनीने त्याला तिकडे पाठवलं. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून त्याच्या जेवणाखाणाकडे बघायला मीही गेले. तिथल्या थंडीसाठी बाजारातून कापूस भरलेला कोट घेतला. एक दिवस त्याचा गळ्याचा हूक लागेना. कोट आटला म्हणून मी दुकानदाराशी भांडायला गेले, मराठीतून. तोही तेवढ्याच जोरात चिनीतून भांडला. शेवटी त्याने माझ्यापुढे आरसा धरला. कोट ठीक होता. गळा फुगला होता.

श्रीकांतने मला सुमनकडे अमेरिकेला पाठवून दिलं.

आधी सुई घालून गाठीतला थोडा भाग काढला. त्याला नीडल बायॉप्सी म्हणतात. मुंगी चावल्यासारखं होतं, घाबरू नका. रिपोर्ट आला 'सस्पिशस', म्हणजे संशयाला जागा आहे. गाठ काढायचं ठरलं.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन सेफ आहे. पण आवाजाची नर्व्ह तिथूनच जाते. रिस्क थोडी आहे. आवाज बसू शकतो."

तेव्हा मात्र मी घाबरले. कॅन्सर असला तर मरेन, मेल्यावर काही बोलायचं नसतं. पण जिवंत राहून गप्प बसायचं? शिवाय मला पेकिंगला परत जायचं होतं आणि तिथे माझ्याजवळ आवाजाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

तिथे घरकामाला एक बाई यायची. आपण कामाला येणाऱ्या बाईला मावशी म्हणतो, तसं चिनीत आयी म्हणतात. श्रीकांत मला हाक मारायचा आई, तिला आयी. एक हाक, दोघी हजर. तिला वाटलं, माझंही नाव आयीच. मग मी तिची आयी आणि ती माझी आयी. ती दिवसभर चिनी बोलायची, मी मराठी. मी कोबीच्या भाजीत खोबरं घातलं की ती नाक मुरडून काहीतरी म्हणायची. मी म्हणायची, "तुझ्या नवऱ्याला घालत नाहीये." दोघी हसायचो. शब्द कळत नव्हते, आवाज कळायचा.

मी शिकलेला पहिला चिनी शब्द खायश्वे, म्हणजे उकळलेलं पाणी. म्हणायचं खाय आणि द्यायचं प्यायला! तिथे सगळं दुखणं त्यावर बरं होतं. शांघायला गेलो तेव्हा आगगाडीतही थर्मास होते आणि अख्खा डबा गरम पाणी फुंकून पीत होता.

इथल्या हॉस्पिटलात मात्र उलटं. ऑपरेशननंतर शुद्ध आली तर नर्स बर्फाचा चुरा घेऊन उभी. डॉक्टर म्हणाले, "काकू, ई म्हणा." मी जोर लावला. बैलगाडीचं चाक करकरावं तसा आवाज आला.

"नर्व्ह शाबूत आहे," ते म्हणाले. "सूज उतरली की आवाज सुधारेल. पहिल्यासारखा होईल का, ते प्रॉमिस करत नाही."

गाठ बिनाइन निघाली, म्हणजे कॅन्सर नव्हता. सुमन पुन्हा रडली. मी सगळ्या डॉक्टर-नर्सना हात जोडले, कारण बोलायची बंदी होती. भूक, तहान, पंखा नको, सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं. पेकिंगच्या बाजारात आवाजाच्या जोडीला वर्षभर तेच केलं होतं. नर्स सुमनला म्हणाली, असा सोपा पेशंट बघितला नाही.

बंदी उठली, पण आवाज घोगराच राहिला. श्रीकांतचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, "कोण बोलतंय?" पोटच्या पोराने ओळखलं नाही. फोनवर हातवारेही करता येत नाहीत. म्हटलं, संपलं.

"आई, तू? थांब, आयी इथेच आहे, ओढतेय फोन."

"आयी?" मी करकरले.

पलीकडे ती सुरू झाली. काय बोलली देव जाणे, पण चांगली रागावली होती. कोटाच्या दुकानदारावर मी रागावले होते त्याहून जास्त. शेवटी ओरडली, "आयी! खायश्वे!"

बायांनो, पाणी पिताना कधीतरी आरशात गळा बघत जा. गाठ दिसली तर कोटाला दोष देऊ नका, डॉक्टरकडे जा.

मी फोन ठेवला, फ्रीजमधलं पाणी सिंकमध्ये ओतलं आणि गॅसवर भांडं चढवलं. सुमन म्हणाली, "काय झालं?"

म्हटलं, "काही नाही. ओळखलं तिने."