पहिली पंगत

"भाषण राहू द्या हो. माणूस जेवायला कधी बसतो ते बघा," असं म्हणत काकू चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या, आणि समोरच्याचं अध्यक्षपद तिथेच धोक्यात यायचं.

लीड्समधल्या आमच्या मंडळाचा अध्यक्ष गणपतीच्या जेवणानंतर हात वर करून निवडला जायचा. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, टेबलं कमी, त्यामुळे पंगती पाडाव्या लागत. उमेदवार आरतीनंतर बोलत, पण खरा निकाल वाढपाच्या टेबलामागे लागायचा. तिथे काकू उभ्या असत. बायकोला नुसत्या खुणेने पाणी आणायला लावणारा, खुर्च्या उचलायच्या वेळी नेमका फोन घेणारा, सगळे त्यांना दिसायचे. तुमच्याही मंडळात अशा एक काकू असतीलच. आम्ही शिकलेली मंडळी पंतप्रधानांवर तावातावाने वाद घालायचो आणि मत मात्र काकूंच्या चष्म्याकडे बघून द्यायचो.

एका वर्षी एक अबोल इंजिनिअर उभे राहिले. "शनिवारी मुलांसाठी मराठी शाळा काढू. कौन्सिलकडून खोली मी मिळवतो," एवढंच त्यांचं भाषण. त्या दिवशी आरती लांबली. ती संपते न संपते तोच हे गृहस्थ पहिल्या पंगतीला जाऊन बसले आणि सगळं वाढून व्हायची वाट न बघता पुरी खाऊ लागले.

"बघितलंत? म्हातारी माणसं उभी आणि हे पानावर! अध्यक्षाने शेवटी जेवायचं असतं," काकू म्हणाल्या. वरणाबरोबर ते वाक्यही प्रत्येक टेबलावर वाढलं गेलं. निवडून आला बाह्या सरसावून जिलब्या वाढणारा. त्या सरसावलेल्या बाह्या पुन्हा वर्षभर कुणाला दिसल्या नाहीत, आणि शाळेचं नाव कुणी काढलं नाही.

दिवाळीच्या आसपास काकूंना त्या इंजिनिअर गृहस्थांकडे एक पातेलं परत द्यायचं होतं. त्या गाडी चालवत नसत, म्हणून मी घेऊन गेलो. त्यांच्या पत्नीने आम्हाला थेट किचनमध्ये नेलं. गृहस्थ शर्ट वर करून पोटात सुई टोचत होते.

"इन्सुलिन, काकू," ते ओशाळून म्हणाले. "हे घेतलं की लगेच खावं लागतं. गणपतीत मी वेळेवर घेतलं आणि आरती लांबली. चक्कर यायला लागली होती."

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मुलीचं बघतोय. घरात असा आजार आहे म्हटलं की स्थळं मागे सरतात. लोक बारीकसारीक बघतात, काकू. प्लीज, कुठे बोलू नका."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. तरी काकूंचा चेहरा उतरला. परतताना गाडीत त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मला लाज वाटते हो. जे बोलायचं नव्हतं ते बोलून बसले, आणि बोलायला हवं ते बोलता येत नाही."

पुढच्या वर्षी काकूंनी स्वतः उठून त्यांचं नाव सुचवलं. हॉलमध्ये हशा पिकला.

"काकू, गेल्या वर्षी तर तुम्हीच नको म्हणालात!"

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

काकूंनी गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी किंचित नकारार्थी मान हलवली. काकू पदराचं टोक बोटांत पिळत उभ्या राहिल्या. बारकावे बघायला आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो होतो. माझ्यामागे कुणीतरी कुजबुजलं, "दबाव आहे गं त्यांच्यावर. पदर बघ कसा पिळतायत." मोजकेच हात वर झाले. एक माझा, एक काकूंचा. मलाही माझ्या गप्प बसण्याची लाज वाटली, पण शब्द दिलेला होता.

त्यानंतर काकू वाढपाच्या टेबलामागे कधी उभ्या राहिल्या नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणत, "मला नका विचारू. मला कळत नाही." पुढे त्या बर्मिंगहॅमला लेकीकडे राहायला गेल्या. फोन केला की तब्येतीचं बोलणं व्हायच्या आत विचारायच्या, "त्यांच्या मुलीचं जमलं का हो?" एकदा ठरलेलं मोडलं, हे मला त्यांना सांगवलं नाही.

शेवटी मुलीचं लग्न झालं तेव्हा काकू वारून बरेच महिने झाले होते. "आता सांगितलंत तरी चालेल," गृहस्थ स्वतः मला म्हणाले. मंडळातली जुनी माणसं तिथेच जेवायला बसली होती. मी त्यांच्यात जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं: ती सुई, ती पंगत, काकूंचं उभं राहणं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, "कुठली हो निवडणूक?"