यंत्राला न कळलेल्या दोन वाट्या

मंडळी, आज दुपारी रेवदंड्याला आमच्या ओटीवर एक नवल पाहिलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

माझी नात सई कॉलेजात शिकते. सुट्टीतल्या एका संशोधन शिबिरासाठी ती संगणकाला छातीचे एक्स-रे वाचायला शिकवते आहे. फोटो हजारो, माणसांची नावं-गावं पुसलेली. डोळ्याची पापणी लवते तोवर यंत्राची कितीतरी फुप्फुसं बघून होतात. मी आपला थक्क होऊन बसतो.

आज मात्र ते धडधाकट बायकांनाही आजारी ठरवत होतं. छातीवर दोन गोल डाग, शेजारीशेजारी. संध्याकाळी शिबिराच्या मॅडमना काम दाखवायचं होतं. सई रडकुंडीला आली. "आजोबा, हे फोटो काढूनच टाकते."

एक फोटो मोठा करून बघताना ती थबकली आणि स्वयंपाकघराकडे ओरडली, "आजी, एक्स-रेला मंगळसूत्र काढलं होतंस?"

"काढत्येय कशाला? पदराखाली सरकवलं नि गप उभी राहिले."

सई हसत सुटली. डाग नव्हतेच, मंगळसूत्राच्या वाट्या होत्या. मग तिने एकही फोटो वगळला नाही. म्हणाली, "वगळले तर या बायका यंत्राला कधीच कळणार नाहीत." आणि त्याला वाट्या ओळखायला शिकवत बसली.

शाळेतल्या कवितांत हृदय फार वेळा भेटलं, पण त्याचं घर आज पाहिलं. काळोखात फासळ्या, त्यांवर चांदण्यांसारख्या दोन वाट्या. नाव पुसलं, गाव पुसलं, तरी बाई ओळखू आली.

तायांनो, खरं सांगा, तुमच्यातल्या कितीजणींनी एक्स-रेला असंच केलंय? सई विचारते आहे.